हनुवटीवरच्या केसांचं लेझर आणि नंतरची चेहऱ्याची निगा : मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी लातूरची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. एकोणीस वर्षांची असल्यापासून हनुवटीवर राठ केस, दर आठ-दहा दिवसांनी थ्रेडिंग, मधल्या दिवसांत चिमटा. मागच्या दोन वर्षांत हनुवटी आणि अप्परलिपचं लेझर करून घेतलं, एकूण नऊ सिटिंग झाल्या, त्यातली पहिली चुकीच्या ठिकाणी केली आणि भाजून घेतलं. तेव्हापासून शाळेतल्या मॅडम, मावशीची सून, कॉलेजच्या पोरी, सगळ्या विचारायल्यात, आणि प्रत्येक जण आधी इकडंतिकडं बघते आणि मग हळूच स्वतःच्या हनुवटीकडे बोट करते. त्या सगळ्यांसाठी एकदाच नीट लिहून काढलंय. मी डॉक्टर नाही, पण जे लिहिलंय ते माझ्या स्किनच्या डॉक्टरांना विचारून, अंगावर काढून शिकलेलं आहे.

ताई, खरं सांगा, केस कायमचे जातात का?

सगळे नाही जात. कमी होतात, बारीक होतात, उशिरा उगवतात. चांगले डॉक्टर स्वतःच सांगतात की हे केस काढणं नाही, केस कमी करणं आहे, आणि जो कोणी "आयुष्यभर बघायचं काम नाही" म्हणतो त्याच्याकडून उठून यायचं. त्यातही चेहरा वेगळा. काखेतले, पायावरचे केस लवकर ऐकतात, पण हनुवटीच्या केसांमागे बहुतेक वेळा हार्मोन असतात आणि आत हार्मोन बिघडलेले असतील तर शांत पडलेल्या मुळांतून परत नवीन राठ केस तयार होत राहतात. म्हणून चेहऱ्याला वर्षातून एखाद-दोन सिटिंग पुढेही लागू शकतात हे आधीच मनात धरून चला, म्हणजे नंतर फसवल्यासारखं वाटत नाही.

आधी लेझर करू की आधी तपासण्या?

आधी तपासण्या. हे मी हात जोडून सांगते कारण मी स्वतः दहा वर्षं नुसते केस उपटत बसले आणि पाळी दोन-दोन महिने लांबते याकडे कुणी बघितलंच नाही, घरात म्हणायचे लग्न झालं की होईल नीट. पाळी पुढं-मागं होत असेल, वजन वाढत असेल, पिंपल, डोक्यावरचे केस विरळ व्हायलेत, मानेवर काळपटपणा आलाय, आणि सोबत हनुवटीवर केस, तर पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी जोडलेला हार्मोनचा बिघाड, आहे का ते बघायलाच पाहिजे. साधारण टेस्टोस्टेरॉन, थायरॉईड, प्रोलॅक्टिन अशा रक्ताच्या तपासण्या सांगतात, बऱ्याचदा पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात, आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी. आणि एक गोष्ट अजिबात अंगावर काढू नका: दोन-चार महिन्यांतच एकदम चेहऱ्यावर, छातीवर केस वाढले, आवाज घोगरा झाला, तर लेझर राहू द्या, त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जा.

अजून एक कारण लोकांना माहीतच नसतं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गोरं व्हायची मलमं! त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉईड असतं, सुरुवातीला चेहरा चमकतो म्हणून बाया वर्षानुवर्षं लावतात, मग कातडी पातळ होते, उन्हात गेलं की आग होते, लाल शिरा दिसतात आणि त्याच मलमामुळं चेहऱ्यावर केससुद्धा वाढतात. असलं मलम लावत असाल तर लाजू नका, डॉक्टरला ट्यूब नेऊन दाखवा. ते एकदम बंद केलं तरी चेहरा भडकतो, डॉक्टर सोडवून देतात.

लेझर नेमकं करतं काय?

केसात जो काळा रंग असतो, मेलॅनिन, तो लेझरचा उजेड शोषून घेतो, तापतो, आणि ती उष्णता मुळापर्यंत जाऊन मूळ भाजून काढते. आजूबाजूची कातडी न जाळता फक्त रंगीत गोष्टीला तापवायचं हे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या दोन संशोधकांनी १९८३ साली मांडलं आणि आजची सगळी मशीन त्याच्यावरच चालतात. हे एवढं कळलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात: चिमट्याने उपटलेल्या केसाचं मूळच नाही तर लेझर कशाला धरणार, पांढऱ्या केसात रंगच नाही तर तापणार काय, आणि कातडीच काळवंडलेली असेल तर उजेड केसाआधी कातडीलाच धरणार.

मी सावळी आहे, मला चालतं का?

चालतं. मीही सावळीच आहे, आपल्याकडं बहुतेक जणी सावळ्या किंवा गव्हाळ. फक्त मशीन कोणतं ते विचारायचं आणि विचारायला लाजायचं नाही. आपल्या रंगाला डायोड, म्हणजे ८०० ते ८१० नॅनोमीटरच्या आसपासचं, नाहीतर एनडी याग, १०६४ नॅनोमीटरचं, हे जास्त वापरतात. याग कातडीतल्या रंगाला कमी धरतं आणि खोल जातं म्हणून गडद रंगाला ते सगळ्यात सुरक्षित मानतात. अलेक्झांड्राईट ७५५ चं असतं, ते गोऱ्या कातडीला ठीक, सावळ्या कातडीला भाजायची भीती जास्त. आणि काही ठिकाणी लेझर म्हणून आयपीएल करतात, ते लेझर नाहीच, वेगवेगळ्या तरंगांचा एकत्र उजेड असतो, त्याचा आपल्या रंगावर मला तरी भरवसा नाही.

पहिल्यांदा कानाजवळ किंवा जबड्याखाली छोटी पॅच टेस्ट करून घ्या आणि काही दिवस थांबून बघा. माझी पहिली सिटिंग मे महिन्यात, एका ब्युटी सेंटरमध्ये, डॉक्टर जागेवर नाही, पॅच टेस्ट नाही, आदल्याच आठवड्यात लग्नाच्या वरातीत उन्हात हिंडलेली मी. हनुवटीवर तीन ठिकाणी फोड आले आणि काळे डाग जायला चार महिने गेले. त्या चार महिन्यांत मी वर्गात फळ्याकडे तोंड करून शिकवायचे.

गालावर बारीक लव आहे, तीपण काढून टाकू का?

नका काढू. लव बारीक, फिकट असते, लेझर तिला नीट धरत नाही, आणि काही जणींच्या बाबतीत उलटंच होतं, त्या अर्धवट उष्णतेने लवेचे राठ काळे केस होतात. हे गालावर, जबड्यावर, मानेवर जास्त बघायला मिळतं, आणि सावळ्या रंगाच्या, हार्मोनचा त्रास असलेल्या बायकांत जास्त. म्हणजे आपल्यातच. पॅकेजमध्ये पूर्ण चेहरा फुकट मिळतोय म्हणून गाल पुढं करू नका. जाड काळे केस जिथं आहेत तेवढंच करा.

सिटिंगच्या आधी थ्रेडिंग केलं तर? आणि वस्तरा फिरवला की केस राठ होतात ना?

थ्रेडिंग, वॅक्स, चिमटा हे निदान चार आठवडे बंद. हेच सगळ्यात जड जातं, मला माहितेय, ते चार आठवडे शाळेत कसे काढायचे हा माझाही प्रश्न होता. उत्तर आहे वस्तरा. चेहऱ्याचा छोटा रेझर मिळतो, तो फिरवला की केस वरून कापला जातो, मूळ जागेवर राहतं. केस राठ होत नाहीत, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला टोचतं एवढंच, मुळाला वर काय झालं ते कळतसुद्धा नाही. सिटिंगच्या आदल्या दिवशी दाढी करतात तसं साफ करून जायचं. ब्लीच, स्क्रब, रेटिनॉलवाली क्रीम आठवडाभर आधी बंद.

डॉक्टरला न लपवता सांगायच्या गोष्टी: पिंपलसाठी डॉक्सीसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर, ओठाभोवती तापाचे फोड वरचेवर येत असतील तर (लेझरच्या उष्णतेने ते परत उसळू शकतात, आधी गोळी देतात), जखम झाली की जाड वण उठत असेल तर, आणि मागच्या महिन्यात ऊन किती खाल्लं ते.

दुखतं का लई?

फोडणी देताना तडतडलेली मोहरी उडून चेहऱ्यावर लागावी, तसं. एकेक शॉट तसा. हनुवटीला मोहरी, अप्परलिपला मात्र डोळ्यातून पाणी येतं आणि मला प्रत्येक वेळी शिंका आल्या, तिथं कातडी पातळ आणि केस दाट. डोळ्यावर काळा गॉगल घालतात, तो नसेल तर खुर्चीत बसूच नका, भुवईच्या खाली डोळ्याच्या खोबणीत लेझर घेऊच नका. वरच्या ओठाच्या वेळी ओठाखाली ओला कापूस ठेवतात म्हणजे दातात कळ जात नाही. थंड जेल, मग टोक टोक टोक, जळक्या केसांचा वास येतो, त्याला घाबरू नका, केसच जळत असतो. हनुवटी आणि ओठ मिळून पंधरा मिनिटांत होतं. कुणाला सहनच होत नसेल तर बधीर करायचं मलम आधी लावतात, पण तेही डॉक्टरच्या हाताने, घरून थापून जायचं नाही.

पण एक लक्षात ठेवा, टोचणं वेगळं आणि भाजणं वेगळं. शॉट झाल्यावर क्षणात टोचणी थांबली पाहिजे. आग वाढतच चालली तर तिथंच हात वर करून "थांबा" म्हणा. मी पहिल्या वेळी म्हटलं नव्हतं, मला वाटलं असंच असतं.

किती सिटिंग, किती दिवसांनी?

चेहऱ्याला चार ते सहा आठवड्यांनी, आणि निदान सहा ते आठ, हार्मोन असतील तर जास्त. एका वेळी सगळे केस वाढीच्या टप्प्यात नसतात, काही झोपलेले असतात, लेझर फक्त वाढणाऱ्या केसाच्या मुळाला धरतं, म्हणून टप्प्याटप्प्याने. मला तिसऱ्या सिटिंगपर्यंत काहीच फरक वाटला नाही, चौथीनंतर पहिल्यांदा पंधरा दिवस रेझर लागला नाही आणि मी आईला फोन करून सांगितलं.

कोणत्या महिन्यात सुरू करू?

आपल्याकडं दिवाळीनंतर. मार्च ते जून मराठवाड्यात ऊन चाळिशीच्या पुढं जातं, ज्यांचं काम उन्हातलं आहे, शेतात, अंगणवाडीच्या सर्वेला, स्कूटीवर, त्यांनी तेवढे महिने सिटिंग पुढं ढकलावी. अंतर वाढलं तरी आधीचं वाया जात नाही.

घरी आल्यावर पहिले दोन दिवस काय करायचं?

केसाच्या प्रत्येक छिद्राभोवती बारीक लाल गांधी उठल्यासारखं दिसतं, चेहरा गरम वाटतो. हे बरोबर आहे, उलट मूळ धरल्याची खूण आहे. काही तासांत उतरतं, जास्तीत जास्त दोन दिवस. स्वच्छ रुमाल माठातल्या गार पाण्यात भिजवून पिळून ठेवा, दहा मिनिटं, परत थोड्या वेळाने. बर्फ थेट घासायचा नाही. डॉक्टरने दिलेलं मलम तेवढेच दिवस लावा जेवढे सांगितलेत, कधीकधी त्यात सौम्य स्टेरॉईड असतं, दोन-तीन दिवसांचं, तेच चांगलं वाटलं म्हणून महिनाभर चालू ठेवू नका.

गरम पाणी, वाफ, घाम निघेपर्यंत व्यायाम, मेकअप, दोन दिवस नको. आपल्या बायांचा खरा प्रश्न चूल आणि गॅसचा आहे, भाकरी टाकताना तव्याची धग थेट हनुवटीला लागते, मी त्या दिवशी भाकरी दुसऱ्याला टाकायला लावते आणि घरातल्या पुरुषांना सांगते की आज भात खा. एवढं हक्काने सांगा.

घरगुती काय लावू? हळद-बेसन? लिंबू? कोरफड?

लिंबू, बेसन, मुलतानी माती, टूथपेस्ट, काहीच नाही, निदान आठ दिवस. हळद आपली असली तरी ताज्या लेझरवर रगडायची नाही. कोरफडीचं पान थेट तोडून लावलं तर त्याच्या पिवळ्या चिकाने खाज सुटते काही जणींना, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर पुरतं.

आठ दिवस झाले आणि केस वाढायलेत! पैसे गेले का?

नाही गेले. ते वाढत नाहीत, गळायलेत. मेलेला केस मुळातून वर ढकलला जातो, एक ते तीन आठवडे, मिरीच्या दाण्यासारखे काळे ठिपके दिसतात, चेहरा धुताना निघून येतात. उपटू नका, नखाने कोरू नका, केसतोड होईल आणि डाग राहील. वाटलं तर वरून रेझर फिरवा.

सनस्क्रीन खरंच एवढं लागतं का? स्कार्फ बांधते की मी.

ताई, या सगळ्या पानातलं एकच काही पाळणार असाल तर हे पाळा. लेझरनंतर कातडी चिडलेली असते, तिला ऊन लागलं की ती रंग तयार करून ठेवते आणि तो काळा डाग महिनोन्महिने जात नाही. माझ्या बाबतीत डाग लेझरने कमी आणि उन्हाने जास्त पक्का केला, कारण भाजल्यावर मी तशीच रोज दुपारी साडेबाराच्या उन्हात शाळेतून परत यायचे.

स्कार्फ बांधाच, पण सुती, आणि सनस्क्रीनच्या वर. पातळ ओढणीतून ऊन गाळून येतंच, आणि सिंथेटिक स्कार्फ हनुवटीवर घासून घामाने पुरळ येतं. एसपीएफ ५० नाहीतर निदान ३०, ट्यूबवर 'PA' या अक्षरांपुढं तीन-चार अधिकची चिन्हं असलेलं, तर्जनी आणि मधलं बोट या दोन बोटांवर पूर्ण लांबीची रेघ काढून तेवढं चेहरा आणि मानेला. वाटाण्याएवढं लावून काही होत नाही. बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी परत. घामट चेहऱ्याला जेलवालं घ्या. ज्यांना वांग आहे किंवा डाग लवकर पडतात त्यांनी रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन डॉक्टरला विचारून घ्यावं, त्यातल्या आयर्न ऑक्साईडमुळं डोळ्याला दिसणारा उजेडही अडतो आणि सावळ्या कातडीला डाग पाडण्यात त्या उजेडाचाही हात असतो. ढग असले तरी लावा. एस.टी.त खिडकीपाशी बसलात तरी लावा, काचेतून उन्हातले यूव्हीए किरण आत येतात.

येळवस, हळदी, तुळजापूर, हे सगळं कसं जमवायचं?

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, कुणी घरी बसणार नाही आणि बसूही नये, दिवसभर शेतात, भज्जी आणि आंबील, आणि डिसेंबर-जानेवारीचं ऊन गोड वाटतं म्हणून डोक्यावर पदरही नसतो. म्हणून मी सिटिंग येळवशीच्या आधी घेत नाही, आणि नंतरही दोन-तीन आठवडे थांबून घेते, ऊन खाल्लेला चेहरा लगेच लेझरखाली द्यायचा नसतो. घरात लग्न असेल तर हळदीच्या दोन-तीन आठवडे आधीच सिटिंग उरका. कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणाऱ्यांनी तो महिना सोडूनच द्यावा. मळवट कपाळाला असतो, हनुवटीला नाही, पण कुंकवाचे हात चेहऱ्यावर फिरतात तेवढं सांभाळा, हल्लीच्या कुंकवात काय मिसळलेलं असतं सांगता येत नाही.

आमच्याकडं बोअरचं पाणी आहे, चेहरा कोरडा पडतो.

जड पाणी आणि अंगाचा साबण, दोन्ही मिळून कातडी ओढल्यासारखी होते. लेझरनंतरचा आठवडा साबण बंद, सौम्य फेसवॉश दोन वेळा, टिपून कोरडं करा आणि ओलसर असतानाच मॉइश्चरायझर. शेवटचा हबका पिण्याच्या पाण्याचा मारला तरी चालतो, तांब्याभर पुरतं, पाणीटंचाईतही परवडतं.

फोड आलाय, आता?

लगेच नळाचं किंवा तांब्याने गार पाणी, वीस मिनिटं. फोडायचा नाही. फोटो काढून ठेवा, त्याच दिवशी डॉक्टरकडे. सेंटरवाला म्हणेल "होतं असं, दोन दिवसांत जाईल", ऐकू नका. स्किनचा विभाग सरकारी मेडिकल कॉलेजातही असतो, संभाजीनगरला घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर, नांदेड, जे जवळ असेल तिथं जा, केसपेपर काढा. खपली आपोआप पडू द्या. काळा डाग राहिला तर घाई करून केमिकल पील, म्हणजे औषधाने कातडीचा वरचा थर काढणं, करू नका, सावळ्या कातडीचा डाग सनस्क्रीन आणि डॉक्टरच्या क्रीमने हळूहळू जातो, माझा गेला.

आईच्या हनुवटीवर पांढरे केस आहेत, आणि गोंदण पण.

पांढऱ्या केसाला लेझर लागू होत नाही. त्याला इलेक्ट्रोलिसिस असतं, एकेक केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून, वेळखाऊ आहे पण केसाच्या रंगाची अट नाही. नाहीतर छोटी कात्री. गोंदणावर लेझर अजिबात नाही, गोंदणाचा रंगच तापतो आणि कातडी भाजते. तिळावरही नाही. डॉक्टर ती जागा झाकून घेतात, पण आधी बोट ठेवून दाखवा.

दिवस गेलेत, चालेल का?

थांबा. बाळाला काही होतं म्हणून नाही, पुरेसा अभ्यास झालेला नाही म्हणून. शिवाय गरोदरपणातले केस पुष्कळदा नंतर आपोआप कमी होतात. अंगावर पाजत असाल तर डॉक्टरशी बोलून.

ऑनलाइन घरचं मशीन मिळतं, ते घेऊ?

बहुतेक घरची मशीन आयपीएलची असतात. डब्यावर रंगाचा तक्ता छापलेला असतो, आपला हात शेजारी धरून बघा, गडद रंगांवर फुली असते.

माझ्या नवऱ्याला दाढी केली की मानेवर पुरळ आणि केसतोड. त्याला चालतं?

हो, वाकडे उगवून आत शिरणाऱ्या केसांना लेझरचा चांगला उपयोग होतो. त्यांनाही लाज वाटते, घेऊन जा.

ठिकाण कसं निवडू? पॅकेज घेऊ का?

डॉक्टर जागेवर असतात का, मशीन कोणतं, पॅच टेस्ट करता का, भाजलं तर कोण बघणार. हे चार प्रश्न फोनवरच विचारा, उत्तर देताना चिडले तर नको. पहिल्या दोन सिटिंग सुट्या घ्या, मग पॅकेज. आठचे पैसे आधी भरले की काही बिघडलं तरी बाई पैसे वसूल करायला परत जाते, मी गेले असते, माझ्या बहिणीने धरून ठेवलं.

सासूबाईंना काय सांगू? म्हणतात, देवाने दिलंय ते काहून काढायचं.

माझ्या सासूबाईंना मी रिपोर्ट दाखवला, पीसीओएस काय असतं ते सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या की त्यांनाही होते, त्या राखेच्या चिमटीत धरून उपटायच्या, न्हाणीत, दार लावून, पन्नास वर्षं. प्रत्येक घरात असं होईल असं नाही. पण ज्यांना हे बोलता येत नाही त्या बायांनाही हे असतं, हे डोक्यात ठेवून बोला. आणि ज्यांना केस काढायचेच नाहीत त्यांनी मुळीच काढू नयेत, तपासणी तेवढी करून घ्या.

आता तुमचे किती राहिलेत?

हनुवटीच्या डाव्या बाजूला चार-पाच. दर तीन आठवड्यांनी रेझर फिरवते, दोन मिनिटं लागतात. गोळ्या चालू आहेत, पाळी पस्तीस दिवसांवर आलीय. पुढची सिटिंग येळवशीनंतर.